हिराबाईंच्या खुब्यातला आवाज

गळ्याचा फोटो काढायचा म्हटलं की बायकांशी माझा पहिला वाद मंगळसूत्रावरून होतो. सोन्याच्या वाट्या फिल्मवर पांढऱ्याशुभ्र उतरतात, आणि नेमकं जिथं डॉक्टरांना पाहायचं असतं तिथंच बसतात. काढून ठेवा म्हटलं की बाई नवऱ्याकडे पाहते, नवरा भिंतीकडे पाहतो. मग मी माझा ठरलेला तोडगा सांगतो, ‘मनगटाला गुंडाळा. अंगावरच राहील.’ यावर बहुतेकींचं समाधान होतं. ठाण्याच्या एका खाजगी दवाखान्यात मी एक्सरे काढतो. अंगावरच्या दागिन्यांसाठी बायकांची माझ्याइतकी विनवणी सोनारानंसुद्धा केली नसेल.

माझ्या कामाबद्दल लोकांचे समज मजेदार असतात. आमच्या डोंबिवलीच्या चाळीतले एक निवृत्त हेडक्लार्क छातीचा फोटो काढायला कोट, टोपी, उपरणं असा जामानिमा करून आले होते. सगळं उतरवून उघड्या अंगानं उभं राहायला सांगितल्यावर म्हणाले, ‘मग इस्त्रीचे पैसे फुकट गेले म्हणायचे!’ फिल्म पाहून ते आणखी खट्टू झाले. ‘दामले, ह्यात मी कुठं आहे?’

त्यांचा प्रश्न मला पुढे पुष्कळदा आठवला. कारण फिल्मवर माणूस नसतोच, असते ती सावली. किरण हाडात अडतात म्हणून हाड पांढरं दिसतं. फुप्फुसातल्या हवेतून सरळ जातात म्हणून तिथं काळं दिसतं. पांढऱ्या हाडात काळं भोक दिसलं तर हाड कुणीतरी खाल्लंय, आणि काळ्या फुप्फुसात पांढरे ठिपके दिसले तर तिथं काहीतरी वाढलंय, एवढं कळतं. कुणी खाल्लं, काय वाढलं, ते सावली सांगत नाही. छातीत ठिपके दिसले की बहुतेक जण क्षय म्हणतात, आणि बहुतेकदा तो क्षयच असतो. बहुतेकदा, नेहमी नव्हे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. फिल्म ओली असतानाच, धुण्याच्या टाकीतून वर काढताना, ती पहिल्यांदा मी पाहतो. डॉक्टर नंतर पाहतात, रोगी तर क्वचितच. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाचं पुढं काय होणार याचा अंदाज मला आलेला असतो, आणि बाहेर येऊन मी म्हणतो, ‘फोटो चांगला आलाय. डॉक्टर सांगतील.’ तंत्रज्ञानं काही बोलायचं नाही असा नियमच आहे, आणि तो योग्यही आहे. पण इतकी वर्षं नियम पाळून तोंड एका ठरावीक पद्धतीनं बंद ठेवण्याची सवय लागते. या सवयीचा मला अभिमान होता. आता तितका राहिलेला नाही. त्याचं कारण हिराबाई.

हिराबाई पहिल्यांदा आल्या त्या थंडीच्या दिवसांत. ठाण्याच्या खाडीकाठच्या गावातल्या, नवरा-बायको दोघंही मिठागरावर कामाला. नवऱ्याचं नाव धर्मा. उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस. बोलण्याचं काम बाईंनी घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्यांच्या गळ्यातली गाठ काढली होती. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते, तिचा कर्करोग. ग्रंथी सगळी काढली होती, आणि तिचं काम करायला रोज एक गोळी चालू होती. आता उजवा खुबा दुखत होता.

टेबलावर चढण्याआधी त्यांनी मंगळसूत्र स्वतःच काढलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. खुब्याच्या फोटोला त्याची काही गरज नव्हती, पण गळ्याचे फोटो काढून काढून त्यांना सवय झाली होती. ‘धर जरा. आन घेऊन पलू नको दुसरी करायला.’

‘दुसरी कोन येतं माज्याकडं,’ धर्मा म्हणाला.

‘त्येच म्हनतंय मी. म्हनून तं निवांत झोपतंय इथं.’

खुब्याचा फोटो काढताना रोग्याचे पाय आतल्या बाजूला वळवावे लागतात. दोन्ही अंगठे एकमेकांना टेकले की मांडीच्या हाडाची मान नीट दिसते. मी टेबलाच्या पायथ्याशी उभा राहून त्यांचे पाय दोन्ही हातांत धरले, अंगठे जुळवले, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. माझी नजर अंगठ्यांवर होती. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

फिल्म टाकीतून काढली तेव्हा उजव्या खुब्यात, मांडीच्या हाडाच्या मानेपाशी एक भोक दिसलं. लहानच होतं, कडा अस्पष्ट. मी बाहेर येऊन म्हणालो, ‘फोटो चांगला आलाय.’

आमच्या डॉक्टरसाहेबांनी त्यांना परत मुंबईच्या इस्पितळात पाठवलं. तिथं त्या सुमारास एक नवी तपासणी सुरू झाली होती. ती मला फार आवडली, आजही आवडते. कारण सावली जे सांगत नाही ते ती सांगते. गळ्यातल्या त्या ग्रंथीला आयोडीन लागतं. ती रक्तातलं आयोडीन ओढून घेते. तिच्यापासून झालेला कर्करोग पुढे हाडात जाऊन बसला, फुप्फुसात जाऊन बसला, तरी कधीकधी ही आयोडीनची ओढ सोडत नाही. मग किरण सोडणारं आयोडीन पाण्यातून प्यायला द्यायचं. ते परदेशातून विमानानं येतं, आणि दिवसागणिक त्याचा जोर कमी होत जातो, त्यामुळे आलं की वाट पाहायला वेळ नसतो. दुसऱ्या दिवशी रोग्याला निजवून अंगावरून किरण मोजणारी नळी फिरवायची. जिथं आयोडीन जमलं असेल तिथं यंत्र टकटक करतं. कागदावर माणसाच्या आकृतीत चौकोन आखलेले असतात, प्रत्येक चौकोनात आकडा लिहायचा. आकडे भरले की रोगाचा नकाशा तयार. आणि रोग आयोडीन घेतो असं ठरलं, तर तेच आयोडीन मोठ्या मात्रेत देऊन रोगाला आतूनच जाळता येतं. घेत नाही असं ठरलं, तर तो दरवाजा बंद.

यासाठी आधी रोग्याला आयोडीनसाठी भुकेलं करावं लागतं. गोळी महिना-दीड महिना बंद. त्या काळात बाहेरून कुठूनही आयोडीन शरीरात जाता कामा नये. डॉक्टरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, ‘दामले, ह्यांना सगळं नीट समजावून सांगा. माझी भाषा त्यांना जड जाते.’

मी समजावलं. चांगलं अर्धा तास बसून समजावलं. खोकल्याचं औषध नाही, टॉनिक नाही, इंजेक्शन नाही. समुद्राची मासळी नाही, सुकीसुद्धा नाही.

‘बोंबील?’

‘नाही.’

‘कोलीम?’

‘नाही हो बाई.’

‘मंग जगायचं कशाला ते पन सांगा,’ असं म्हणून त्या हसल्या, आणि खरोखर पुढचा सगळा काळ त्यांनी मासळीला हात लावला नाही. शेवटी मी विचारलं, ‘पोटात आणखी कुठलं औषध घेता का?’ त्या म्हणाल्या, ‘नाय.’ ते खरंच होतं.

गोळी बंद झाल्यावर माणसाचं काय होतं ते मी ऐकून होतो, पाहिलं नव्हतं. हिराबाई तेव्हा डोंबिवलीजवळच्या कोपरला माहेरी येऊन राहिल्या होत्या. मी डोंबिवलीहून पायीच एकदा त्यांना पाहून आलो. भर वैशाखात त्या गोधडी गुंडाळून ओटीवर बसल्या होत्या. तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, जाड. एक वाक्य बोलायला इतका वेळ की आपण मध्येच पुरं करून टाकावं असं वाटे. हातापायांची कातडी कोरडी पडून खरखरीत झालेली. धर्मा म्हणाला, ‘दिवसभर गप. मना वाटतं घरात कोन नायच.’ त्या तेवढ्यात सावकाश म्हणाल्या, ‘बोलंन... परत... तवा... कान... झाकशील.’ आम्ही दोघं हसलो. पण धर्माचे डोळे हसत नव्हते.

इस्पितळातल्या तपासणीला मी रजा काढून बरोबर गेलो. मला ते यंत्र पाहायचं होतं, हेही कबूल करतो. मोजणी करणारे गृहस्थ शांत आणि काटेकोर होते. त्यांनी नळी आधी गुडघ्यावर धरली. तिथं काही नसणार म्हणून तुलनेसाठी. मग गळा, छाती, पोट, दोन्ही खुबे. उजव्या खुब्यावर त्यांनी नळी जास्त वेळ धरली. यंत्र गुडघ्यावर जसं अधूनमधून टकटकलं तसंच तिथंही. त्यांनी पुन्हा धरून पाहिलं. तेवढंच.

‘रोग आयोडीन घेत नाही,’ असा निकाल आला. खुब्यावर बाहेरून किरण देण्यात आले, गोळी पुन्हा सुरू झाली, आणि हिराबाई घरी आल्या. बोलणंही परत आलं. त्या वेळी मला वाईट वाटलं, पण ते जसं कुणाहीबद्दल वाटतं तसं.

श्रावणात त्या पुन्हा आल्या. दुखणं वाढलं होतं. धर्मानं हात धरून टेबलावर चढवलं. मी नेहमीसारखा पायथ्याशी उभा राहिलो आणि अंगठे जुळवण्यासाठी पाय हातात घेतले. त्या दिवशी टेबलावर नवी, पांढरी चादर होती. वाळूची पिशवी लावताना पाय सरकला आणि चादरीवर तपकिरी डाग उमटला. मी टाच उचलून पाहिली. दोन्ही तळव्यांना खोल भेगा, आणि प्रत्येक भेगेत ती तपकिरी रेघ. तो रंग मी हजार वेळा पाहिलेला आहे. आमच्या शेजारच्या ड्रेसिंगच्या खोलीत त्याची बाटली असते.

‘हे काय लावलंय पायाला?’

‘टिंचर,’ धर्मा म्हणाला. ‘मिठागरात खाऱ्या पान्यान पाय फाटतान. सगलेच लावतान. मीच लावतंय तिला रोज संध्याकालला.’

‘वैशाखात लावत होतास? तपासणीच्या आधी?’

‘तवा तं लय. गोल्या बंद केल्या, पाय लईच फाटले. दोन दोन येला लावलाय. कापसान.’

मी त्यांचे पाय तसेच धरून उभा राहिलो. टिंचर म्हणजे आयोडीनच. रोज, फाटलेल्या पायांतून, मोठ्या मायेनं, ते तिच्या रक्तात जात होतं. ज्या रोगाला आम्ही उपाशी ठेवत होतो त्याचं पोट धर्मा रोज भरत होता, आणि हे त्याला सांगायला कुणी नव्हतं. सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी ‘पोटात’ असं विचारलं. पोटात घेतात ते औषध, पायाला लावतात ती सवय. मिठागरावरच्या माणसाला पाय असतात हे मला, पायांत बूट घालून दवाखान्यात येणाऱ्याला, सुचलं नाही. आणि थंडीतल्या पहिल्या फोटोच्या वेळी मी हेच पाय हातांत धरले होते. तेव्हाही ते तपकिरीच असतील. मी अंगठे जुळले का तेवढं पाहत होतो.

फिल्म काढली. भोक मोठं झालं होतं.

त्या दिवशी मला वाटलं, बोललो नाही तर कुणालाही कळणार नाही. निकाल मोठ्या इस्पितळाचा, समजावून सांगितल्याला साक्षीदार नाही. हा विचार किती वेळ टिकला ते मला सांगता येणार नाही. टिकला एवढं खरं. मग मी डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘मी तरी कुठं विचारलं?’ मग त्यांनी मुंबईला फोन लावला.

मोजणी करणाऱ्या गृहस्थांचंही बोलणं नंतर मला कळलं. शस्त्रक्रियेनंतरही गळ्यात ग्रंथीचा कण तरी उरतोच, पण तिथंही काहीच आकडा आला नाही म्हणून त्यांना तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. शस्त्रक्रिया फार स्वच्छ झाली असावी, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि पुढे गेले. म्हणजे प्रत्येकाला थोडं थोडं दिसलं होतं.

आता तपासणी पुन्हा करायची तर आधी अंगातलं आयोडीन जायला हवं. त्याला महिने लागतात. त्यानंतर पुन्हा गोळी बंद, पुन्हा ती गोधडी. हे सांगायला मी पुन्हा कोपरला, त्यांच्या माहेरी गेलो. धर्मानं ऐकून घेतलं, आणि तो आपल्या हातांकडे पाहू लागला.

‘म्हंजे मी केलाय.’

‘नाही. मी नीट विचारलं नाही.’

‘लावलाय तं मीच ना.’ मग तो एकदम चिडून म्हणाला, ‘परत नाय. परत तिला त्या थंडीत घालाचा नाय मना. पहिल्याच वेलंला ती माजी ऱ्हायली नव्हती.’

हिराबाई आतून ऐकत होत्या. भिंतीला धरत बाहेर आल्या. ‘तुमी दोघं आधी ठरवा कोनाचा गुना, मंग मना बोलवा. तवर मी मरून जातंय.’ मग त्या धर्माला म्हणाल्या, ‘पाय माजे, गला माजा. थंडी पन मनाच वाजनार. मी जातंय.’

मी माफीही मागणार होतो. ती मागायची राहिली, कारण त्यांनी मला जेवायला बसवलं.

मधल्या काळात, आम्ही वाट पाहत असताना, ते हाड मोडलं. अपघात काही नाही. ओटीची एक पायरी उतरताना मोडलं. इस्पितळात पाय वजन लावून ताणून ठेवला, त्या खाटेला खिळल्या. आणि तशाच अवस्थेत गोळी बंद करावी लागली. पहिल्या वेळी निदान त्या बसू शकत होत्या. धर्मा आता पायांना खोबरेल लावे, आणि मी भेटायला गेलो की लावण्याआधी दर वेळी मला विचारी, ‘हे चालतं ना?’ आपण एखाद्या माणसाला त्याच्या प्रेमाबद्दल परवानगी मागायला लावलं आहे, ही जाणीव फार वाईट असते.

मार्गशीर्षात त्यांना स्ट्रेचरवरून मोजणीच्या खोलीत नेलं. धर्माला बाहेर थांबवलं होतं. मला परवानगी मिळाली. नळी गुडघ्यावर आली. टक... टक... अधूनमधून. गळ्यावर थोडी जास्त. छातीवर गुडघ्याइतकीच. मग उजव्या खुब्यावर. यंत्र एकदम बोलू लागलं. तडतड, तडतड, थांबेचना. त्या काटेकोर गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. माझ्याही होता. एका बाईच्या हाडात कर्करोग बसला आहे असं यंत्र ओरडून सांगत होतं आणि आम्ही दोन प्रौढ पुरुष हसत होतो.

दार किलकिलं करून धर्मानं आत डोकावलं. ‘भाऊ, हा आवाज बरा का वाईट?’

मी त्याच्याकडे वळलो. सुजलेल्या तोंडानं, सावकाश, हिराबाईच म्हणाल्या, ‘सापडला... तो... सापडला.’

पुढे त्यांना मोठी मात्रा दिली. ती प्यायल्यावर काही दिवस रोग्याच्या जवळ कुणी जायचं नसतं, कारण त्याच्या अंगातूनच किरण निघत असतात. धर्मा व्हरांड्याच्या टोकाला बसून राही आणि तिथून मोठ्यानं घरच्या गोष्टी सांगे. उत्तर आलं नाही तरी सांगे. हळूहळू दुखणं कमी झालं. त्यानंतरच्या फोटोंत भोकाच्या कडेनं पांढरी रेघ धरलेली मी पाहिली. हाड भरून येताना असं दिसतं. मोडलेला भाग वाकडा जुळला, पाय आखूड झाला. त्या काठी घेऊन चालतात, पण मिठागरावर परत जाऊ शकल्या नाहीत. वैशाखातच यंत्र बोललं असतं तर हाड वाचलं असतं का, असं मी मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं. ते प्रामाणिक होते. म्हणाले, ‘कदाचित.’ हा शब्द मी तेव्हापासून बरोबर घेऊन हिंडतो. आमच्याकडे आता कुणाला तपासणीसाठी पाठवायचं असलं की मी काय खाता, काय पिता, काय लावता, काय हुंगता, असं सगळं विचारतो. लोकांना मी चक्रम वाटतो. वाटू दे.

मी हे आता का लिहितो आहे, तर परवा त्या पुन्हा आल्या होत्या. दर काही महिन्यांनी येतात. खुबा आणि छाती, असे दोन फोटो. खुब्याचा चांगला होता. छातीचा टाकीतून काढला आणि लाल दिव्यात धरला, तेव्हा उजव्या फुप्फुसात, खाली, दोन पांढरे ठिपके दिसले. मागच्या फिल्मशी ताडून पाहिलं. मागच्या वेळी नव्हते. मी फिल्म पुन्हा पाण्यात सोडली, हात पुसले आणि बाहेर आलो. तोंडात नेहमीचं वाक्य तयार होतं.

हिराबाई बाकावर बसल्या होत्या, धर्मा शेजारी उभा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘भाऊ, आज तुमी आमच्याकडं बघत नाय.’

मी बघितलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोललो. ‘बाई, छातीत दोन ठिपके आहेत. बारीक आहेत. ते काय आहेत ते मला माहीत नाही, फोटोवरून कळतही नाही. मोजणी केली तर कळेल.’

हिराबाईंनी पदर सारखा केला, काठी मांडीवर आडवी घेतली.

‘मंग गोल्या कवापासून बंद करायच्या?’

‘आता राहू दे,’ धर्मा पुटपुटला. ‘दिवाली तं होऊ दे. करंज्या कर, चार दिस बोल माज्याशी. मंग बघू.’

‘करंज्या तू कर,’ त्या म्हणाल्या. ‘मी सांगन कशा करायच्या त्या. आज सांगून ठेवतंय, मंग सावकाश बोलाय लागले का तुजा तेल जलून जाईल.’ मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘उद्यापासून बंद करतंय. आन टिंचर घरात नाय. मीच बाटली खाडीत टाकलीय.’

मी डॉक्टरसाहेबांना बोलवायला आत गेलो.